पलंगावरचं पातेलं

ती. आक्कास,

पाठकोऱ्या कागदावरून का होईना, पण कंबर दुखेपर्यंत वाकून नमस्कार. (मागच्या बाजूला आमचं वीजबिल आहे, तेही जरूर वाच. आकडा पाहून भावोजींना स्वतःच्या बिलाची लाज वाटली तर मला आनंदच होईल.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आणि आठवडाभर तुझ्याकडे मुक्काम ठोकून बसलेली तुझी भावजय? तिची चौकशी मी करत नाहीये, ओघात आली म्हणून लिहिलं. इतरांच्या बायका रुसल्या की माहेरी जातात. ही माझ्याच बहिणीकडे आली, म्हणजे माझी बाजू घ्यायला कुणी उरूच नये असा तिचा डाव उघड आहे.

तिने तुला काय काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे, म्हणून खरी हकीकत ऐक. आमच्याकडे गॅस फक्त उकळी येईपर्यंत जळतो. मग पातेलं झाकण लावून जुन्या रजयांनी भरलेल्या लाकडी पेटीत जातं आणि स्वतःच्याच उबेवर शिजतं. आंघोळीचं पाणी संडासात, भाजी धुतलेलं कुंड्यांना, सालं खताच्या मडक्यात. यात चुकीचं काय, ते एकाही शहाण्याने मला अजून सांगितलेलं नाही. हसतात मात्र सगळे. समोरचे वकील तर एसी लावून वर पांघरूण घेऊन झोपतात, आणि विक्षिप्त म्हणून बोट दाखवतात माझ्याकडे.

तर हिला बढती मिळाली म्हणून ऑफिसातली मंडळी जेवायला येणार होती, त्यांच्या मोठ्या मॅडमसुद्धा. एवढ्या माणसांच्या कडधान्याचं पातेलं पेटीत मावेना. म्हणून मी ते दुपारीच आमच्या पलंगावर ठेवलं, चहूबाजूंनी उशा लावल्या, वर दोन रजया आणि त्यावर धुतलेली चादर. (हिला सांगायचं राहिलं. संध्याकाळी तिने तो ढीग पाहिला, पण आमच्या घरातल्या ढिगांबद्दल विचारणं तिने केव्हाच सोडून दिलंय.) जेवायच्या आधी मॅडमना फोन आला. बाहेर गलका, म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बोलता बोलता पलंगावर टेकल्या. बाई भारदस्त आहेत. झाकण सरकलं.

आता जो तो त्या किंकाळीबद्दलच बोलतो, मूळ मुद्द्याकडे कुणाचं लक्षच नाही. गॅसवरून उतरवून पाच तास उलटले होते, तरी पातेलं इतकं ऊन होतं की मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. (भाजलं कुणालाही नाही, मध्ये रजया होत्या.) आणि शिजलं होतं इतकं मऊ की थेट गादीत मुरलं. याहून चांगला पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला असता? मी तो मॅडमना तिथल्या तिथे समजावूनही दिला. त्या पाठ पुसत होत्या, त्यामुळे त्यांना किती पटला ते कळायला मार्ग नाही.

मंडळी उपाशीच गेली. ही भांडली असती तर मी पुरून उरलो असतो. पण हिने मुकाट्याने बॅग भरली आणि दारात थांबून म्हणाली, "फुटक्या बादलीचीसुद्धा तुम्ही विचारपूस करता. मला एकदा तरी विचारलंत का, तुला हे चालेल का म्हणून?"

यावर माझ्याकडे चोख उत्तर होतं. फक्त ते सुचेपर्यंत तिची बस सुटली होती.

तेव्हा तिला स्पष्ट सांग, मी तसूभरही बदलणार नाही. गादी उसवून, कापूस धुऊन पुन्हा भरली आहे. (वास थोडा आहे, पण सवय होते.) जग गेलं खड्ड्यात असं म्हणणाऱ्यांत मी नाही, आणि बायको रुसली म्हणून होणारही नाही. तिला यायचं असेल तर दार उघडं आहे, नसेल तर माझं काही अडत नाही. एकट्याचं छान चाललंय.

तुझा,
(ठाम) धाकटा भाऊ

ता. क. एवढं तिला मोठ्याने वाचून दाखव. याखालचं दाखवू नकोस.

आणखी एक ता. क. एक तांत्रिक अडचण आली आहे. एकट्यापुरतं अन्न पेटीत शिजत नाही, आक्का. पातेल्यात मूठभरच असलं की ऊब धरत नाही, कितीही रजया गुंडाळा. रोज कचकचीत कच्चं खातोय. गॅस जाळत ठेवला तर शिजेल, पण मग मी हरलो असं होईल, आणि तेही एकट्याने बसून खायचं. तेव्हा खालचंही तिला दाखव. आणि तिला विचार, की... नको, तू विचारू नकोस. रविवारी मीच येतो आणि मीच विचारतो, तुला हे चालेल का म्हणून. ती "नाही" म्हणाली तर पुढे काय बोलायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.