डाव्या बाजूचा आवाज

उस्ताद, मराठी वाचायचं म्हटलं की तुमचं डोकं दुखायचं, तरी मराठीतच लिहितोय. मुकुंदवाडीत माझं गॅरेज आहे आता, हे तुम्हाला ठाऊक नाय. उन्हाळ्यात पुंडलिकनगरच्या एक रिटायर्ड बाई त्यांची जुनी गाडी घेऊन आल्या. गाडी त्याच चालवतात. त्यांचे मिस्टर, म्हणजे साहेब, मागं डाव्या अंगाला बसतात. त्यांना लकवा झालाय, बोलणं जवळपास गेलंय. बाई त्यांना सारख्या गंगापूरला भावाकडं नेतात, कारण तिथं ओट्यावर बसलं की ते हसतात. त्या म्हणाल्या, "मागून खट् आवाज येतो. यांना माझ्याआधी कळतं. आला की काच वाजवतात." मी गाडी एकट्यानं फिरवून आणली. आवाज नाय. तरी मागचे शॉकअप बदलले. त्या परत आल्या. रबरी बुश बदलले. त्या पुन्हा आल्या तेव्हा गॅरेजात गर्दी होती आणि मी वैतागलो होतो. म्हटलं, "मॅडम, गाडीत काय नाय. आजारी माणसाला भास होतात, अन् तुम्ही त्यांचं ऐकून मला गाडी खोलायला लावता." दोघंतिघं हसले. साहेब मागंच बसलेले, काच खाली. बाईंनी जाऊन साहेबांच्या बाजूची काच तेवढी वर केली, आणि निघून गेल्या.

त्या दिवशी जेवण गेलं नाय. तुमचं ओरडणं आठवत होतं. मेंढरं सोडून शहरात आलेला मी, तुमच्याकडं नवाच होतो. गंगापूरच्या वाटेवर चालणारी एक जीप तक्रार घेऊन आलेली. मी रिकामीच पळवून आणतो आणि मोठ्या तोऱ्यात सांगतो, सब ठीक है. तुम्ही चहाची बशी खाली ठेवता. "अकेला बैठके क्या सुनरा रे? सवारी की गाडी है, सवारी बिठा. और जो बोलरा उसकू बाजू में ले." मग सगळ्या गॅरेजला जीपमध्ये कोंबता आणि स्वतः मागच्या फळीवर, पत्र्याला तळहात लावून बसता. त्या जीपमध्ये काय निघालं, आता आठवत नाय. तुमचा हात तेवढा आठवतो.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी दारातच विचारलं, "आता काय बदलायचं राहिलंय?" म्हटलं, "काय नाय. साहेबांच्या शेजारी बसायचंय." बाई गाडी चालवू लागल्या. गतिरोधक आला तसं साहेबांनी आपल्या चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि माझा हात सीटमागच्या आवरणावर दाबून ठेवला. मागची चाकं उतरली. खट्. हाताखाली पत्रा हलला. आवरण काढून बघितलं तर शॉकअपचं वरचं टोक जिथं बॉडीला बसतं, तिथला पत्रा चिरलेला. मागं माणूस बसला की चीर उघडायची, गाडी रिकामी असली की मिटायची, म्हणून शॉकअप बदलताना दिसली नाय. गंगापूरच्या रस्त्यावर भरधाव असताना तो पत्रा तुटला असता तर, हा विचार करवत नाय.

चिरलेला पत्रा कापून नवा जोडला. साहेबांना घरून घेऊन, मागं बसवून एक चक्कर मारली, आवाज गेला. साहेबांना म्हटलं, माफ करा. त्यांनी मान हलवली. पण तेव्हा आम्ही दोघंच होतो. हसणारी माणसं ते ऐकायला नव्हती.

बाई साहेबांना घेऊन गाडी न्यायला आल्या तेव्हा मात्र गर्दी होती. खूश होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शोधलं शेवटी तुम्ही. कुणाकडं शिकलात हो?" साहेब गाडीत मागच्या सीटवरून माझ्याकडंच बघत होते. शोधलं त्यांनी, हे मी सांगितलं नाय.

कब्रस्तानात येऊन हे वाचून दाखवायचा विचार होता. हिंमत होत नाय. कारण बाईंना मी हसत सांगितलं, "कुणाकडं नाय, आपलं आपणच शिकलो."