खिळ्यावरची गाठ

मंगळवार, अणदूर. दिवेलागण.

आज थोरल्या भावाला मारलं. लोखंडी पान्यानं, खांद्यावर.

विहिरीत मी थोडे खडे भरलेला वाळका भोपळा तरंगत सोडलाय. पाणी उतरलं की तोही उतरतो आणि दोरीनं खटका पाडून मोटार बंद करतो. दुपारी बघतो तर दोरी वरच्या खिळ्याला बांधलेली, म्हणून खटका पडलाच नाही; विहिरीचा तळ उघडा, मोटार जळालेली. आज पाण्याची पाळी दादाची. जास्त पाणी ओढायला त्यानंच बांधली, दुसरं कोण?

"म्या न्हाय बांधली," एवढंच म्हणाला. मी परत मारलं.

मग ती गाठ सोडायला गेलो. माझीच होती. सकाळी खटक्याला तेल देताना मीच मारलेली, सोडायची राहिली.

खांद्याला काय झालं, असं आईनं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "पाय घसरला."

मी शेजारीच उभा होतो. "व्हय," म्हणालो.