ओल्या दिवशीचा सरस

ग्रानादा, १९ सप्टेंबर

प्रिय नोएलिया,

तुला आणि लुकासला आशीर्वाद. इकडे चर्चच्या देवमातेच्या जत्रेच्या टपऱ्या लागल्यात. दरवर्षीसारखी मी भोपळ्याच्या मुरंब्याची गोड पोळी आणली, पण अर्धी तशीच पडून आहे. माझे गुडघे बरे आहेत. शेजारच्या बिर्तुदेसच्या मांजरीला पुन्हा पिल्लं झाली आणि तिने ती पुन्हा आमच्याच माळ्यावर आणून ठेवली.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोन बैठकीत आहे आणि हल्ली तुझे बाबाही दिवसभर बैठकीतच असतात. म्हणून स्वयंपाकघरात ओट्याशी बसून लिहिते आहे.

रविवारी तू केवढ्या आनंदाने फोन केलास आणि त्यांनी तो मध्येच ठेवून दिला. तू लुकासशी लग्न करून परदेशी बासेलला गेलीस त्याचा राग अजून त्यांच्या पोटात आहे, असं तुला वाटलं असणार. मी आई म्हणून सांगते, तो राग कधीच गेला.

त्या दिवशी काय झालं ते ऐक. टीव्हीवर गिटारच्या इतिहासाचा माहितीपट लागणार, त्यात बाबा गिटार बनवताना दिसणार, म्हणून सगळी गल्ली आमच्याकडे जमली होती. बारवाला एलादिओ ऑलिव्हची बरणी घेऊन आला, बिर्तुदेस खुर्च्या घेऊन आली. आधी कितीतरी वेळ अरबांची वाद्यं, जुनी चित्रं, राजवाडे असंच चाललं होतं. एलादिओ म्हणाला, "बाल्दो, अजून सुलतानच हलेनात जागचे. तुझा नंबर लागेपर्यंत माझी बरणी संपेल."

बाबा म्हणाले, "तुझं तोंड असंच चालू राहिलं तर आधीच संपेल."

इतके खुशीत होते गं ते तेव्हा. नवा शर्ट घातला होता.

मग आपलं दुकान दिसलं आणि त्यांचे हात दिसले. गिटारीच्या वरच्या फळीला आतून पट्ट्या चिकटवत होते. आणि नेमकं तेव्हाच बाबांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघत बसले. बिर्तुदेस म्हणाली, "बघा बघा, म्हातारा नवरीसारखा लाजतोय." सगळे हसले. मीही हसले.

निवेदक सांगत होता की हे कारागीर कोरड्या हवेची वाट बघतात, ओल्या दिवशी लाकूड चिकटवायच्या सरसाला हात लावत नाहीत. आणि बाबांच्या मागे खिडकीच्या काचेवरून पाणी धो धो वाहत होतं. ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तुझा फोन आला. तू म्हणालीस, "बाबा, माझी गिटार टीव्हीवर बघितली." आणि त्यांनी फोन ठेवला.

नोएलिया, तुझी गिटार तडकली.

जुलैत तडकली. जूनमध्ये त्यांनी फोनवर तुला वाजवून दाखवली ना, त्यानंतर महिन्याच्या आत. कडक ऊन पडलं होतं, दुपारची झोप चालली होती. खालून दुकानातून काठी मोडावी तसा आवाज आला. मला वाटलं मांजराने काहीतरी पाडलं. बाबा लगेच उठून बसले, पण खाली गेले नाहीत. पलंगावरच बसून राहिले. त्यांना आवाजावरूनच कळलं होतं.

ओल्या हवेत चिकटवलेली फळी उन्हाळ्यात आक्रसते, आतल्या पट्ट्या तिला हलू देत नाहीत, मग ती फाटते. हे तू लहानपणी दुकानात खेळता खेळता शिकलीस. आणि त्यांना काय माहीत नव्हतं? गेल्या नोव्हेंबरात ती टीव्हीची मंडळी आली तेव्हा पाऊस थांबत नव्हता. त्यांची ती माद्रिदची बेगोन्या म्हणाली, "काका, कुठलीही फळी घ्या, नुसतं चिकटवल्यासारखं करा." बाबा तिच्यावर भडकले. "खोटी गिटार करायला मी नट आहे का? चिकटवेन ती पोरीचीच." तुझ्या जन्माच्या वर्षी माझ्या वडिलांनी तुझ्या गिटारीसाठी बाजूला ठेवलेली ती फळी त्यांनी खाली काढली. मी हात धरला. म्हटलं, "बाल्दो, आज नको. चार दिवस थांब." ते म्हणाले, "तिला बासेलमध्ये दिसलं पाहिजे."

माझा तेव्हा संताप झाला. म्हातारपणी मिरवायची हौस, असं मी तोंडावर बोलले.

आता तू म्हणशील, तडा गेला तर त्यात काय एवढं? लोकांच्या कितीतरी तडकलेल्या गिटारी त्यांनी मागून पट्टी लावून उभ्या केल्यात. तुझीही करायला गेले. दार आतून लावून घेतलं. संध्याकाळी मी जेवायला बोलवायला गेले तर टेबलावर गिटार उघडी पडली होती, आणि सुरी तड्याच्या रेषेवरून घसरून फळीत आडवी आरपार गेली होती. ते बोटांनी ती जागा चाचपत होते. मला म्हणाले, "रेषा कुठे आहे गं? मला दाखव."

तेव्हा मला कळलं. डोळ्यांच्या मधोमध डाग धरलाय. समोर बघितलं की समोरचंच दिसत नाही, नुसत्या कडा दिसतात. डॉक्टर म्हणाले, उपाय नाही, वाढतच जाणार. ते शूटिंगच्या आधीपासून होतं आणि त्यांना ठाऊक होतं. ही शेवटची, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. चार दिवस थांबले असते तर कॅमेरा गेला असता, आणि नंतर तुला दाखवायला काहीच उरलं नसतं. आणि मी त्याला मिरवायची हौस म्हणाले.

रविवारी ते लाजत नव्हते गं. भिंतीकडे बघितल्याशिवाय त्यांना स्वतःचे हात दिसत नव्हते.

सुरी घसरली त्या दिवसापासून दुकानाला कुलूप आहे. किल्ली त्यांच्या खिशात. गिऱ्हाईक आलं तर मला सांगायला लावतात, मालक बाहेरगावी गेलेत. जेवण चिवडतात. काल म्हणाले, "लाकूड पंचवीस-तीस वर्षं वाळलं, आणि मी एका दिवसात भिजवलं." मी भांडी घासत राहिले. खरं सांगते, मी हरलेय. इतकी वर्षं या माणसाला कसं समजवायचं ते मला कळत होतं, आता कळत नाही.

नोव्हेंबरात तुझा कार्यक्रम आहे. आहे त्या गिटारीवर वाजव. ते तुला फोन करतील आणि सांगतील की तुझी गिटार अजून मुरली नाही, तिला आणखी एक उन्हाळा लागेल. तू म्हण, "बरं बाबा, थांबते." दुसरं काही बोलू नकोस. डोळ्यांचं विचारू नकोस.

आणि जमलं तर नाताळाआधी ये. आलीस की त्यांच्या समोरची खुर्ची घेऊ नकोस. जरा बाजूला, खिडकीशी बस, म्हणजे तू त्यांना दिसशील. ते भिंतीकडे बघत बोलतील. तू तिथेच बसून राहा.

तुझी वाट बघणारी,
आई