साहेबांची खास खुर्ची

माय, ती खुर्ची पुन्हा हर्राशीला निघाली आहे. महोगनीची, हातांवर सिंहाची तोंडं आणि पाठीवर द्राक्षांचा वेल कोरलेली, तीच. आपल्या गावच्या अध्यक्षांच्या नातवानं ती पॉलिश करून ओसरीत मांडली आहे, आणि बोली लावायला मुंबईहून माणसं येणार आहेत म्हणे. मी पाहून आले.

बुलढाण्याचा तो बंगला आठव. पेन्शनर साहेबांच्या अंगावरून वारं गेलेलं, संडासापर्यंत चालवत नव्हतं, म्हणून कुठल्याशा इंग्रजाकडची ही खुर्ची त्यांच्या पलंगाशी आली. बसायची फळी उचलली की खाली गोल भोक, आणि भोकाखाली तामचिनीचं भांडं. ते भांडं उचलायला तू होतीस. देऊळघाटला घरी आलीस की चुलीतली राख घेऊन कोपरापर्यंत हात घासत बसायचीस. मी म्हणते, माय, पुरे आता. तू म्हणतेस, भाकरी थापायच्या आहेत. मग साहेब गेले आणि मुलांनी सामान हर्राशीला काढलं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, गावोगाव सोसायट्या निघत होत्या आणि अध्यक्ष उगवत होते. खुर्चीचं भांडं कुणीतरी काढून घेतलं होतं, फळी खिळ्यांनी ठोकली होती. हर्राशीवाला ओरडला, साहेबांची खास खुर्ची. मेला खोटं बोलला नाही. आपल्या अध्यक्षांनी चढ्या बोलीनं ती घेतली आणि तिथंच बसून पाहिली. तू झाडू घेऊन कोपऱ्यात उभी होतीस, तोंडाला पदर लावून. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत काय होतं, ते गावात आपल्या दोघींनाच ठाऊक.

पुढं सगळा मान त्या खुर्चीचा. नवरदेव तिच्यावर, कीर्तनकार महाराज तिच्यावर, मतं मागायला आलेले पुढारी तिच्यावर, गळ्यात हार घालून. दसऱ्याला तिला हळदकुंकू. मला शिसारी यायची, खुर्चीची कमी आणि माणसांची जास्त. यांना आपल्या हातचं पाणी चालत नव्हतं.

मी सातवी पास झाले तेव्हा चिखलीच्या वसतिगृहासाठी अध्यक्षांची सही लागत होती. ती मिळाली नसती तर माझी शाळा तिथंच संपली असती. आपण त्यांच्या ओसरीखाली उभ्या आहोत, ते खुर्चीवर मांडी घालून सुपारी कातरताहेत. कागद द्यायला तू पुढं होतेस आणि तुझा पदर सिंहाच्या तोंडाला लागतो.

"दुरूनच बोल वं," ते म्हणाले. "खुर्चीले हात नोको लावू, बाटते ते."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तू माझं मनगट दाबलंस.

"हाव मालक," तू म्हणालीस. "लय घासली मीनं ते. आता तुमीच सांभाळा."

त्यांना वाटलं, बाई अदबीनं बोलते आहे. खूश होऊन त्यांनी सही केली आणि कागद आपल्या दोघींच्या पायांशी टाकला. वाटेत मी रडत विचारलं, त्याला सांगितलं काऊन नाहीस? तू म्हणालीस, सही वाळू दे आधी.

त्या सहीवर मी शिकले आणि शाळेत बाई झाले. आज तो नातू म्हणतो, बाई, तुम्ही शिकलेल्या, या खुर्चीची माहिती लिहून द्या, अस्सल खानदानी चीज आहे, बसून तर पाहा. मी म्हणाले, गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत आहेत, माय. खाली वाकून मी फळीचे खिळे पाहिले, तेच आहेत. सही केव्हाच वाळली, आता कुणाची भीती नाही. पण ती खुर्ची कसली हे सांगायचं, तर ती कोण धूत होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून अजून निघत नाही. तू आता नाहीस, आणि तुला वाचताही येत नव्हतं; हे कुणी वाचणार नाही, म्हणून या पत्रात तरी लिहिलं.