वॉल्टरच्या जागेतली वांगी

१० मे १९८६, शनिवार

अमेरिकेत, या नोव्हाय गावी येऊन अजून महिनाही झाला नाही, आणि आज आम्ही जमीनदार झालो!

लायब्ररीमागच्या मोकळ्या मैदानात सिटी, म्हणजे इथली नगरपालिका, भाजीपाल्यासाठी वाफे भाड्याने देते. ऑफिसातल्या गुरुदत्तने ही खबर दिली आणि स्वतःच्या गाडीतून आम्हा नवराबायकोला तिथे घेऊनही गेला. वाफा कसला, चार खाटा टाकल्या तर पाचवी मावायची नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटात राहणाऱ्याला तेही वतनच. विनीता चप्पल काढून मातीत उभी राहिली आणि नुसती हसत सुटली. पुणं सोडल्यापासून तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

उजवीकडच्या वाफ्यात डोरोथी नावाच्या म्हाताऱ्या बाई असतात. त्यांनी टोमॅटोची रोपं दिली. 'श्रीरंग' त्यांच्या जिभेवर बसेना, तेव्हा मी आता 'रँग' आहे. रोपावर कोळी निघाला. विनीताने नेहमीप्रमाणे त्याला वर्तमानपत्राच्या कपट्यावर घेऊन अलगद गवतात सोडलं. ती मुंगीसुद्धा मारत नाही.

२५ मे, रविवार

मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांतच वाफा संपला. मिरच्या आणि वांगी लावायची कुठे? डावीकडची जागा रिकामीच आहे. गुडघाभर गवत माजलंय. डोरोथीबाई म्हणाल्या, ती वॉल्टरची, तिच्या नादी लागू नका. सिटीच्या ऑफिसातल्या बाईंनी मात्र विचारल्याबरोबर आमचं नाव घातलं. वॉल्टर आता परत येणार नाही, एवढंच म्हणाल्या. जागा दुप्पट झाली म्हणून विनीताने येताना आइस्क्रीम खायला लावलं.

डोरोथीबाईंना जाऊन सांगितलं. म्हणाल्या, तिथे फुलं लावा. फक्त फुलं.

१५ जून, रविवार

गेल्या रविवारी गवत काढून वॉल्टरची जागा खणली. काय माती आहे! काळीभोर, ओलसर, मुठीत दाबली तर लाडू वळावा तशी. आमच्या वाफ्यातली माती हिच्यापुढे राख वाटते. फुलं कोण लावतो? वांगी लावली. उरलेल्या जागेत मिरची. रोपं आठवड्यात अशी उठलीत की बघणाऱ्याने दृष्ट काढावी.

२७ जुलै, रविवार

पहिली वांगी! विनीताने दाण्याचं कूट, गोडा मसाला घालून भरली वांगी केली. गुरुदत्तला जेवायला बोलावलं होतं. त्याची बायको कांचन माहेरी गेली आहे. मी आजवर खाल्लेल्या वांग्यांना वांगी म्हणू नये, इतकी चव. तिघांनी मिळून पातेलं पुसून खाल्लं.

नंतर पत्ते खेळताना एका हातावरून गुरुदत्तचा आणि माझा वाद झाला. त्याने माझं मनगट धरून पिरगळलं. थट्टाच होती, पण सोडेना. शेवटी मी त्याच्या नडगीवर लाथ घातली, तेव्हा सोडलं. सगळे खूप हसलो. जाताना त्याला पिशवीभर वांगी दिली, लागली तर वाफ्यावरून आणखी घेऊन जा म्हटलं.

मनगट अजून सुजलेलं आहे.

३ ऑगस्ट, रविवार

लिहावं की नाही, कळत नाही.

मिरच्यांच्या मुळाशी एक ग्राउंडहॉग घुसला होता. घुशीसारखा, पण मांजराएवढा. मी हाकलायला काठी शोधत होतो. तेवढ्यात विनीताने खुरपं उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. तो ओरडला. माणसाच्या पोरासारखा ओरडला. ती थांबली नाही. तो मेल्यावरही थांबली नाही. तिच्या चष्म्यावर रक्त उडालं होतं, आणि ती काचा न पुसता तशीच घाव घालत राहिली.

मी तिला धरायला हवं होतं. मी उभा राहून पाहत होतो. मला बरं वाटत होतं.

घरी आल्यावर तिने अंघोळ केली आणि वांग्याचं भरीत केलं. दोघांनी ते चाटूनपुसून खाल्लं.

९ ऑगस्ट, शनिवार

कांचनचा फोन. गुरुदत्तला पोलिसांनी नेलं. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये एकाने त्याच्या नेहमीच्या जागेत गाडी लावली. गुरुदत्तने त्याचं डोकं गाडीच्या दारात धरलं आणि दार आपटलं. पुन्हा पुन्हा. तो माणूस वाचेल की नाही, सांगता येत नाही म्हणे.

कांचन रडत होती. परवाच आली माहेरून. म्हणाली, भावजी, घरात दुसरं काही नाही, नुसती वांगी भरली आहेत. हा रोज तीच खात होता.

१० ऑगस्ट, रविवार

डोरोथीबाईंना गाठलं. त्या आधी बोलेनात. मी त्यांचा दंड धरला. इतका घट्ट का धरला, देव जाणे. मग त्यांनी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी वॉल्टरने बायकोला त्याच वाफ्यात कुदळीने मारलं. कारण काही नाही, पाण्याचा पाइप कोणी उचलायचा यावरून. भर दुपारी. ती बराच वेळ जिवंत होती. सगळं रक्त तिथेच मुरलं. गेल्या उन्हाळ्यात तिथे आपोआप टोमॅटोचं एक रोप उगवलं. डोरोथीबाईंनी त्याचा एक टोमॅटो खाल्ला. एकच. त्याच संध्याकाळी घरची मांजर पायात आली, आणि त्यांनी तिची मान पिरगळली.

"या हातांनी, रँग," असं म्हणून त्यांनी हात पुढे केले. "आणि मला आनंद झाला."

आधी का नाही सांगितलं, मी ओरडलो. त्या म्हणाल्या, तुम्ही विश्वास ठेवला असतात?

१२ ऑगस्ट, मंगळवार

रजा घेतली. सगळी रोपं उपटली, पेट्रोल ओतून जाळली. घरी येऊन फ्रिजमधलं सगळं कचऱ्यात टाकायला लागलो, तर विनीता माझ्या हाताला चावली. मांसात दात गेले. मी तिच्या कानशिलात मारली. ती भिंतीवर आदळली. मी पुन्हा हात उचलला होता—

थांबलो. कसा थांबलो, माहीत नाही.

मग दोघंही जमिनीवर बसून रडलो. उद्या डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. माझा हात तिनेच धुतला, पट्टी बांधली.

१४ ऑगस्ट

डॉक्टर म्हणतो, ताण. नवा देश, एकटेपणा. गोळ्या दिल्या.

विनीता आज शांत. फार शांत. तोंडाला कसला तरी वास येतो. कच्चा, हिरवा.

१५ ऑगस्ट

कपाटात, तिच्या साड्यांमागे. चिरून वाळवलेली वांगी. डबा भरून. रोज खात होती.

ओढून घेतला. फेकायला निघालो आणि—

चार फोडी खाल्ल्या. उभ्या उभ्या.

१६ ऑगस्ट

बाथरूममध्ये आहे. आतून कडी लावली आहे. डायरी खिशात होती म्हणून—

सकाळी ती विळीवर नारळ खोवत होती. मी मागून गेलो. का गेलो? माझ्या हातात तवा होता. तिने वळून पाहिलं. दोघंही हसलो.

तिने विळीच उचलली. दंडावर वार. खोल आहे. टॉवेल भिजला.

फोन बाहेर. खिडकी लहान.

ती म्हणते आहे, "अहो, दार उघडा ना. जेवायचं थांबले आहे." तोच आवाज. लग्नानंतर पहिल्यांदा हाक मारली होती, तसा.

पातं दारात घुसतं आहे. फळी फुटली. तिचा डोळा दिसला. ती रडते आहे. रडत रडत मारते आहे.

विनी, जा. खाली जा. कोणाला तरी बोलाव. पळ. ओरडतो आहे. ऐकत नाही.

भिंतीतली टॉवेलची लोखंडी दांडी निघाली. मी काढली. कधी काढली—

ती आत येईल म्हणून भीती नाही. कडीला हात लावायचा नाही. मी लावणार नाही. मी नाही ला—

कडी गार आहे