कार्ड भरून मिळेल

राजूर, ता. वणी
६ जुलै २०२५

चि. पियुष यास निकिताताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे मजेत आहोत. तू पुण्यात वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. या जमान्यात पत्र काय लिहिते म्हणून हसशील, पण तुझ्या भाऊजींनी दुकानाच्या पाटीवर माझाच नंबर लिहिल्यापासून माझा फोन काउंटरवरच पडलेला असतो. तुझ्याशी दोन शब्द बोलावे तर चार गिऱ्हाईकं कान देऊन ऐकतात. म्हणून तूही उत्तर माझ्या वणीच्या शाळेच्या पत्त्यावर टाक.

बातमी अशी की भाऊजींचा तोरा सध्या विचारू नकोस. आधी ते लोकांच्या मोबाइलचं मेमरी कार्ड गाण्यांनी, सिनेमांनी भरून देत. आता कोळसा खाणीच्या क्वार्टरमधल्या पोरांकडे ते हातात धरून खेळायचे कन्सोल आले, तर गेम भरून देतात. परवा नवी पाटी लावली, माझ्या साळ्यानं बनवलेला गेम, कार्ड भरून मिळेल. मुकुटबनपासून पोरं येतात. भाऊजी येईल त्याला सांगतात का पोट्ट्यानं सोता मले धाडला.

मला आनंद झाला आणि रागही आला. भाऊजींना गेम पाठवलास आणि सख्ख्या बहिणीला कळवलंसुद्धा नाहीस! मास्तरीण असले तरी मला खेळ कळतो हो. मुकुटबनला आईबाबांना फोन करत जा. जावयावर आहे तसा थोडा जीव माझ्यावरही असू दे.

तुझी,
निकिताताई


पुणे
१२ जुलै २०२५

ती. निकिताताईस पियुषचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ताई, मी भाऊजींना काहीही पाठवलेलं नाही. आमचा गेम कार्डात भरून देता येतच नाही. कन्सोलच्या आतच कंपनीचं दुकान असतं. आईबापांच्या नावाचं खातं उघडायचं आणि तिथून तो विकत घ्यायचा, एवढा एकच रस्ता आहे. ज्यांना विकत घ्यायचा नाही त्यांच्यासाठी पहिला भाग आम्ही तिथेच फुकट ठेवलाय. बाहेर फुकट मिळतो तो चोरीचा. त्यात चोरांनी आणखी काय घालून ठेवलंय, ते मलाही माहीत नाही.

मी आणि अर्पितानं नोकऱ्या सोडून हा गेम केला, हे तुला ठाऊक आहे. तो फारसा खपत नाहीये, हे घरी कुणालाच सांगितलेलं नाही. दिवाळीपर्यंत असंच चाललं तर आम्हाला गाशा गुंडाळावा लागेल. आणि माझ्याच बहिणीच्या दुकानातून तो फुकट वाटला जातोय!

भाऊजींना मी कसं बोलू? फोन केला होता, त्यांनीच उचलला. जावयाला दुखवायचं नाही ही आईची शिकवण, म्हणून तब्येत विचारून ठेवून दिला. तूच त्यांना ती पाटी काढायला सांग. आणि गेमनं मोबाइल नंबर किंवा आलेला कोड मागितला तर पोरांनी तो मुळीच देऊ नये. हे आजच सांग.

रागाच्या भरात लिहिलंय, मोठेपणानं पोटात घाल.

तुझा,
पियुष


राजूर
२१ जुलै २०२५

चि. पियुष यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी बोलायला हवं होतं. घरात पाहुणे होते, म्हणून दोन दिवस थांबले. ते दोन दिवस आता मला खातात.

बोलले तर भाऊजी भडकले. तुह्या भावाले कायले झोंबलं, मी त याचंच नाव करून राह्यलो, म्हणाले. फुकटच्या गेमांच्या एका साइटवर त्यांना तुझ्या गेमचं नाव दिसलं, आणि आनंदाच्या भरात तिथूनच उतरवून घेतला. पियुषकडेच का नाही मागितला, असं विचारलं, तर माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मीच काही वेडंवाकडं बोलले. म्हणतात, जावई होऊन साळ्याजवळ हात पसरू काय? त्यानं सोता होऊन द्यायले पाहिजे होता. साळ्याकडे मागायची लाज वाटली म्हणून चोराकडून घेतला! हसावं की रडावं ते कळेना. पण खरं सांगते, तू आधी विचारलं असतंस तर ते फुलून गेले असते.

आता वाईट बातमी. खाणीच्या गाड्या दुरुस्त करणारे अब्दुल गनी आहेत ना, त्यांची शगुफ्ता माझ्याच वर्गात आहे. तिनं कार्ड भरून नेलं. गेमनं नंबर मागितला, कोड मागितला, पोरीनं वडिलांच्या फोनमधला कोड देऊन टाकला. त्यांचं व्हॉट्सअॅप कुणीतरी ताब्यात घेतलं आणि त्यांच्या नावानं सगळ्या नात्यागोत्यात पैसे मागणारे आणि घाणेरडे निरोप गेले. शगुफ्ता शाळेत येत नाही. गनीभाई दुकानात आले तेव्हा भाऊजी सरळ म्हणाले का गेम माह्या साळ्यानं धाडला, त्याले इचारा.

हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. भाऊजी घरात त्यावर चकार शब्द काढत नाहीत. मी काय करू ते लिही, आणि मला परकी समजू नकोस.

तुझी,
ताई


पुणे
२८ जुलै २०२५

ती. ताईस सा. न.

बाबांचा फोन आला होता. मुकुटबनच्या बाजारात कुणीतरी त्यांना अडवून म्हणालं का नानाजी, तुमचा पोरगा पुण्यात बसून लोकाईचे फोन लुटते काय? बाबा तसेच घरी आले आणि तेव्हापासून बाजाराच्या दिवशी घरातच बसतात. त्यांनी मला एकच विचारलं, हे खरं आहे का. माझ्या बापाला हे विचारावं लागलं, ताई!

गनीभाई माझ्या नावानं पोलिसांत तक्रार देणार आहेत म्हणे. त्यांची काय चूक? अर्पितानं वकिलाकडून नोटीस लिहून घेतली आहे, मारोतराव भाऊजींच्या दुकानाच्या नावानं. ती म्हणते, आपण गप्प बसलो तर चोर आपणच ठरू. तिचं बरोबर आहे. तुझं उत्तर येईपर्यंत थांब, एवढंच मी तिला विनवलंय. पण पोलिसांनी बोलावलं तर मी खरं तेच सांगणार. मग तुझ्या घराचं काय होईल, या विचारानं झोप येत नाही.

तू काय करावंस, हे मी सांगणार नाही. तुला तिथे राहायचं आहे. काहीही केलंस तरी मी तुझाच भाऊ आहे, हे धरून चाल.

पियुष


राजूर
३ ऑगस्ट २०२५

चि. पियुष यास आशीर्वाद.

काल शाळेतून आले तर दुकानासमोर घोळका. गनीभाई तक्रार लिहूनच आले होते, तुझ्या पूर्ण नावानं. जायच्या आधी शेवटचं विचारतो, असं भाऊजींना म्हणाले. भाऊजींनी पुन्हा तेच सांगितलं, साळ्याचा गेम, साळ्याले इचारा.

मी काउंटरपाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं का हा गेम माह्या भावानं देला नाही. आमी तो चोरीच्या साइटवरून घेतला. त्याले आमी इचारलंसुद्धा नाही. नाव लिहाचं असन त आमचं लिहा.

गनीभाईंनी कागद फाडला आणि म्हणाले का बाई, हे पयलेच सांगतलं असतं त त्या पोराले मी इतक्या शिव्या देल्या नसत्या. भाऊजींनी माझ्याकडे न पाहता शटर खाली ओढलं.

तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. ताटावर बसतात, जेवतात, उठतात. आई फोनवर म्हणाली, थोडे दिवस इकडे ये. मी येणार नाही. मी चुकीचं बोलले नाही, मग घर मी का सोडू? पण फार भीती वाटते रे. बाबांना बाजारात जायला सांग.

नोटीस पाठवायची तर पाठव, माझ्यासाठी थांबू नकोस. माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


राजूर, दुकानातून
१७ ऑगस्ट २०२५

चि. पियुष यास मारोतीचा आशीर्वाद.

मी पत्र कधी लिहिलं नाही, म्हणून बोलतो तसंच लिहून राह्यलो. निकिताले हे माहीत नाही.

मी गनीभाईसंगं पोलिसात गेलतो. गेम कोठून घेतला, कोणाकोणाले भरून देला, सारं माह्या नावानं लिहून देलं. दुकानाचा कॉम्प्युटर त्याईनं ठेवून घेतला. गनीभाईचं व्हॉट्सअॅप वापस आलं. पाटी मी काढली. नानाजीकडे मुकुटबनले जाऊन आलो, बाजारातून त्याईच्यासंगं हिंडलो, जो भेटला त्याले सांगतलं का पोरगा साफ हाय, चूक माही होय. अर्पितामॅडमले नोटीस पाठवायची असन त पाठवा म्हणा, पत्ता बरोबर लिहा.

मले तुह्यावर राग होता. एवढा गेम बनवला अन् जावयाले एका शब्दानं नाही सांगतलं. तो राग अजून पुरा गेला नाही, खोटं कायले बोलू.

आज शगुफ्ताचं कार्ड साफ केलं. गनीभाईच्या नावानं खातं उघडलं, पासवर्ड त्याईनंच टाकला, अन् कंपनीच्या दुकानातून तुहा गेम इकत घेतला. माह्याकडून म्हणून. चोरीचा जो होता तो पयल्या नाल्यापाशीच बंद पडे. मले वाटे गेम तेवढाच हाय. मयनाभर मी जो गेम साऱ्या गावाले चांगला म्हणून सांगत होतो, तो मी पायलाच नव्हता.

गेमातला नाला पार केला अन् एक पोरगी दिसली. डोक्यावर शिदोरी घेऊन वावरात जाते, मधातच थांबते, मांगं वळून पायते का लायना भाऊ येऊन राह्यला का नाही. शगुफ्ता लगेच म्हणाली का हे त निकिता मॅडम होय. मी त पयलेच वयखलं होतं. लग्न झाल्यापासून ते माह्यासंगं चालते तवा असंच मांगं पायते, अन् मी नेहमी म्हणतो का काहून थांबतं, चाल ना लवकर.

पियुष, माही बायको मी चोराकडून घेऊन गावात फुकट वाटली. अन् चार लोकाईसमोर ते माह्या बाजूनं आमी म्हणाली. माह्या एकट्याचं नाव नाही घेतलं.

आता शटर लावतो, हे पत्र पेटीत टाकतो अन् घरी जातो. इतक्या दिवसाचा अबोला मोडताना पयला शब्द कोणता बोलावा, ते काही सुचून नाही राह्यलं.

जावई म्हणून मान नको ठेवू. माणूस म्हणून जमलं त लोभ ठेव.

तुहा,
मारोती