गेलेला परवा, येणारा परवा

प्रिय दादा,

तुला लिहायचं तर आता पत्ताच राहिला नाही. पण काल कॅनडाहून तुझ्या मीराचा फोन आला. रविवारी तिकडे तुझ्या आठवणीसाठी लोक जमणार आहेत. ती तुझं ‘परवा’ गाणार, आजीलाही फोनवर ऐकवणार. “आत्या, गाण्याआधी त्या वर्डचं मीनिंग सांगायचंय. परवा म्हणजे गेलेला दिवस की येणारा? बाबा नुसता हसायचा!”

हसशील नाही तर काय! संस्कृतात गेलेला परवा ‘परह्यः’, येणारा ‘परश्वः’. मराठीनं दोघांना एका खोलीत कोंबलं आणि तू त्याच खोलीत बिऱ्हाड केलंस. त्यात आपण हैदराबादी, आपला ‘परसों’ वीस वर्षांमागचाही असतो! बाबांना जाऊन किती वर्षं झाली, तरी आई म्हणते, “परवाच तर गेले.”

तुझ्या संगीताला तिकडे ‘रूट्स’ म्हणायचे. मुळं! कुणाची रे? गिटार हैदराबादच्या कोठी बाजारातली, चाल आईच्या भूपाळीची, शब्द इंग्रजी आणि माणसं त्यांची: मासेमार, लाकूडतोडे, बर्फात अडकलेले ट्रकवाले. शेजारच्या ताटात मासा दिसला की उठून जाणारा तू मासेमारांची दुःखं गायचास, आणि ते डोळे पुसायचे म्हणे. धन्य!

आपल्या घराचं म्हणावं असं ते एकच गाणं. स्टेशनावर आई विचारते, कधी येशील? गाडीच्या दारातून मुलगा ओरडतो, “परवा!” पुढे कडव्याकडव्याला बर्फ वाढत जातो, शब्द तोच. मागून तुझे बँजोवाले ‘पर्वा! पर्वा!’ करतात. त्यांना कधी सुधारलं का नाहीस? की तुला तेच म्हणायचं होतं?

काचीगुड्याच्या त्या फलाटावर मी होते. तेव्हा आई हसली होती. नंतर दर फोनला तिचं “कधी येतोस?” आणि तुझं “हौ हौ, परवा येतो की!” तिचं हसणं कधी थांबलं, ते तुला ऐकू आलं नसेल असं मला वाटायचं. पण तुझ्या शेवटच्या कडव्यात ती बाई काही विचारतच नाही. म्हणजे ऐकू येत होतं! मग आला का नाहीस, दादा?

आईच्या हल्ली काही लक्षात राहत नाही. तू गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा पदरात तोंड घालून रडली. चहा झाला आणि म्हणाली, “वसू, दादाचा फोन नाही गं आला?” पुन्हा सांगितलं. पुन्हा तितकीच रडली. तिसऱ्यांदा माझी जीभ उचलेना. रविवारी तुझं गाणं ऐकून ती विचारणारच. काय सांगू?

आज सकाळीच तिनं विचारलं, “कधी गं येणार तो?” माझ्या तोंडून निघून गेलं, “परवा.”

ती बघत राहिली. “गेला परवा, की येणार परवा?”

“परवा गं, आई.”

“त्याचं तसंच आहे,” म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

मीराला सांगेन, अर्थ सांगू नकोस. फक्त ‘र’ पुरा म्हण. रविवारी मी आईचा हात धरून बसेन. “गेला का?” म्हणाली, तर खोटं बोलणार नाही. “कधी?” म्हणाली, तर तुझाच शब्द देईन. वचन. व्याकरणात तो कुठंच चुकत नाही रे, दादा. चुकलास तो तू.

तुझ्या परव्याची राखण करणारी,
वसू